मुकुटाची रिकामी पेटी

मेहुण्यांच्या थोरल्या लेकीला जुळे झाले, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुलगे, आणि दोघांचे गळे असे की एक थांबला की दुसरा त्याची पाळी धरायचा. मेहुणे आजोबा झाल्याच्या आनंदात आठवडाभर घरी राहिले. मग सकाळी लवकर दुकान उघडायला लागले आणि दुकान बंद झाले तरी घरी जायचे नाव काढीनात.

दुकान छत्र्यांचे होते. दिवस कोरडे, त्यामुळे गिऱ्हाईक नाही. दुकानावरच्या माडीवर त्यांच्या बायकोची थोरली बहीण राहायची. तिला सगळा रस्ता ताई म्हणायचा, आणि त्यांना मेहुणे. दाराला छोटी पाटी होती, ‘खासगी चौकशी’. हरवलेली माणसे, मोडलेले करार, चोरीचे आळ, असल्या कामांचा ताईंना चांगला सराव होता. मेहुणे त्यांचे मदतनीस. निदान ते स्वतः तसे सांगत.

त्या मंगळवारी एक बाई दुकानात आल्या. राखाडी कोट, काखेत कापडी पिशवी, डोळे रडून सुजलेले. मेहुण्यांनी सवयीने स्टँडमधली एक छत्री उचलली आणि मूठ बाईंच्या बाजूला करून पुढे धरली.

“हातात घेऊन बघा. मूठ अस्सल लाकडाची आहे.”

“छत्री नको. वर ताई असतात ना?”

“असतात की. पण जिना जपून. तिसरी पायरी हलते. दुरुस्त करा म्हणून मी गेलं वर्षभर सांगतोय.”

“कोणाला सांगताय?” वरून आवाज आला. “सुतार तुम्ही बोलावणार होतात, मेहुणे.”

बाई कशिदा काढायचे काम करत. चर्चमधले झगे, वेदीवरची वस्त्रे, मिरवणुकीचे झेंडे. आईही तेच करायची. आसपासच्या सगळ्या चर्चचे काम त्यांच्याकडे होते. खुर्चीत बसल्यावर त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे बंद बोटांना गुंडाळत राहिल्या.

“माझ्यावर चोरीचा आळ आलाय. बिशपचा मुकुट गेलाय.”

“मुकुट म्हणजे तो उंच, दोन टोकांचा? मागे दोन पट्ट्या लोंबतात तो?” मेहुण्यांनी विचारले.

“तोच. सोन्याच्या जरीचा, खडे बसवलेला. फार जुना. नवे बिशप गादीवर बसतात त्या दिवशी प्रत्येकाच्या डोक्यावर तोच चढतो. थोरले बिशप म्हातारे झाले, पदावरून उतरले. आता नवे येताहेत. रविवारी सोहळा आहे. नव्या बिशपांचं डोकं लहान आहे म्हणून आतलं अस्तर काढून नवं घालायचं, हे काम माझ्याकडे आलं.”

“मुकुट तुमच्या ताब्यात दिला होता?” ताईंनी विचारले.

“नाही. शनिवारी फक्त बघायला गेले होते. बिशपांचे चिटणीस फादर म्हणाले, रस्त्यानं पिशवीत घालून नेऊ नका, सोमवारी गाडी देतो, तेव्हा येऊन न्या. कपड्यांच्या खोलीत उजेड कमी, म्हणून आम्ही मुकुट व्हरांड्यात आणला होता. अस्तर बघून मला हसूच आलं. वरून एवढं सोनं आणि आत जाडंभरडं चौकडीचं कापड, धुऊन धुऊन विटलेलं. मी म्हटलं, हे फडकं फेकून देऊ, छान रेशीम घालू.”

“तेव्हा तिथे कोण कोण होतं?”

“चिटणीस फादर, कोठीवाले, थोरले बिशप आणि त्यांची देखभाल करणाऱ्या सिस्टर. बिशप खुर्चीत चहा घेत होते.”

“मग?”

“माप घ्यायची माझी फीत तिथंच राहिली. ती आणायला रविवारी सकाळी गेले. सगळे प्रार्थनेला चर्चमध्ये. मी कपड्यांच्या खोलीत गेले, फीत टेबलावरच होती, घेतली आणि निघाले. सिस्टर अंगणात कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी मला बघितलं. सोमवारी कपाट उघडलं तर पेटी रिकामी. मुकुट घडी केला की सपाट होतो. माझ्या या पिशवीत सहज मावतो. तेच फादर म्हणाले. नवे बिशप उद्या येताहेत. तोवर मुकुट आणून द्या, नाही तर पोलिसांत जातो, असं म्हणाले.”

बाईंनी पिशवीचे बंद सोडले.

“ताई, आमचं काम विश्वासावर चालतं. लोक सोन्याची जर माझ्या टेबलावर ठेवून निघून जातात, पावती मागत नाहीत. एका चर्चचं दार बंद झालं की बाकीची व्हायला कितीसा वेळ लागतो? मला दुसरं काही येत नाही हो.”

“तुम्ही घेतलात का मुकुट?”

“नाही.”

“मग चहा घ्या,” ताई म्हणाल्या. “मेहुणे, दुकानाला कुलूप लावा.”

---

बिशपांचे घर चर्चला लागूनच होते. लांबट, बैठे, मधे अंगण. चिटणीस फादर दारातच उभे होते. पन्नाशीचा, चटपटीत माणूस. बोलताना घड्याळाकडे बघायची खोड.

“या चौकशीला माझी हरकत नाही. पण एक अट आहे. थोरल्या बिशपांच्या कानावर यातलं अवाक्षर जाता कामा नये. त्यांचं हृदय फार नाजूक झालंय. घरातल्या सगळ्यांना मी तशी ताकीद दिली आहे.”

“मुकुट गेल्याचं त्यांना माहीतच नाही?”

“नाही. आणि माहीत होऊ द्यायचं नाही.”

“बरं,” ताई म्हणाल्या.

कपड्यांची खोली एका अरुंद बोळाच्या टोकाला होती. त्याच बोळात आणखी एकच दार होते, थोरल्या बिशपांच्या खोलीचे. आत मेणाचा आणि जुन्या रेशमाचा वास भरून राहिला होता. कोठीवाले वाटच बघत होते. चर्चमधली भांडी, वस्त्रे, मेणबत्त्या, सगळे यांच्या ताब्यात. ठेंगणे, जाड भिंगाचा चष्मा, नाराज चेहरा.

“किल्ली कुठे असते?”

“या दारामागच्या खिळ्याला. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आता फादरांच्या खिशात आहे.”

“सोमवारी कपाटाला कुलूप होतं?”

“होतं. किल्लीही खिळ्यालाच. मी उघडलं, बघतो तर मागच्या फळीवर मुकुटाच्या पेटीचं झाकण अर्धवट वर. आत मखमलीशिवाय काही नाही. तसाच फादरांकडे धावलो. त्यांनी येऊन कपाट बंद केलं ते आजच उघडतंय.”

चिटणीस फादरांनी कुलूप काढले. कपाट उंच आणि अरुंद होते. पुढच्या बाजूला, तळाच्या खोबणीत, बिशपचा चांदीचा दंड उभा होता. मेंढपाळाच्या काठीसारखा, वरचे टोक गोल वळलेले. त्याच्या मागे फळीवर पेटी. तिचे झाकण दंडाच्या वळणावर टेकून अर्धवट उघडे राहिले होते. खालच्या फळीवर एका तबकात जाड अंगठी आणि साखळीला लावलेला सोन्याचा क्रूस.

मेहुण्यांनी मान आत घालून डावीउजवीकडे पाहिले. “ही अंगठी तर मुठीत लपली असती. क्रूस खिशात. हे सोडून मुकुट कशाला नेईल कोणी?”

“विचारा की तिलाच,” चिटणीस फादर म्हणाले.

ताई कोठीवाल्यांकडे वळल्या. “मुकुट बाहेर कसा काढता, ते दाखवाल?”

“आधी दंड काढावा लागतो. मग शाल.” त्यांनी भिंतीवरच्या खुंटीकडे बोट केले. तिथे लांब पांढरी शाल होती, इस्त्रीच्या घड्या जशाच्या तशा. “मुकुटाला आम्ही उघडा हात लावत नाही. शाल खांद्यावर घ्यायची, तिची टोकं हातावर ओढायची आणि त्यात धरायचा. ज्याचा मुकुट त्यानंच त्याला हात लावावा.”

“म्हणजे चर्चमधल्या माणसानं नेला असता तर शाल वापरली असती,” चिटणीस फादर चटकन म्हणाले. “ही तर कोणी हलवलेलीही नाही. बाहेरच्याच माणसाचं काम.”

कोठीवाल्यांनी दंड उचलला. हातात येताच त्यांनी मनगट फिरवून त्याचे वळण स्वतःच्या चेहऱ्याकडे केले आणि ताठ उभे राहिले.

“असा का धरलात?” मेहुण्यांनी विचारले. “मिरवणुकीत बिशपांच्या हातात वेगळा दिसतो.”

“बिशप धरतात तेव्हा वळण लोकांकडे. कळप त्यांचा असतो ना. आम्ही नुसते वाहणारे. आमच्या हातात वळण नेहमी आमच्याकडे. ही रीत आहे.”

“छान. आता ठेवा जागेवर.”

कोठीवाल्यांनी दंड तसाच खोबणीत बसवला. पेटीचे झाकण पडले, टपकन बंद झाले. मेहुणे तबकातली अंगठी पुन्हा बघायला वाकले आणि दंडाचे वळण त्यांच्या नाकावर आदळले.

“आई गं! मघाशी तर लागलं नव्हतं.”

“मघाशी नाक आखूड असेल,” ताई म्हणाल्या आणि काही क्षण कपाटाकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनीच दार लावून घेतले.

---

सिस्टर अंगणात भेटल्या. वयाने साठीच्या, दणकट, हाताला सतत काही काम लागणाऱ्या. बोलता बोलता त्या चादरींच्या घड्या घालत होत्या, आणि चादरीचे दुसरे टोक त्यांनी मेहुण्यांच्या हातात देऊन टाकले होते.

“मी काय ती चोर आहे असं म्हटलं नाही हो. मला विचारलं, रविवारी कोणाला पाहिलंत? मी जे पाहिलं ते सांगितलं. ओढा जरा ताठ. तुम्ही घरात कधी चादर धरली नाहीत वाटतं.”

“घरी सध्या लंगोटच धरतोय,” मेहुणे म्हणाले. “नातवंडं झाली आहेत.”

“रविवारी थोरले बिशप चर्चमध्ये गेले नव्हते?” ताईंनी विचारले.

“दगदग झेपत नाही आता. आपल्या खोलीतच प्रार्थना करतात. काठी टेकत बोळापर्यंत फेऱ्या मारतात, बस.”

“आणि शनिवारी, बाई मुकुट बघत होत्या तेव्हा?”

“तेव्हा मी त्यांना चहा दिला होता. अर्धा टाकून म्हणाले, आत ने, ऊन लागतंय. व्हरांड्यात दुपारनंतर कुठलं ऊन! पण म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालायचा? नेलं आत.” त्यांनी चादर आपटून घडी केली. “त्याच संध्याकाळी माझी लहान कात्री मागून घेतली. म्हणाले, झग्याचा दोरा लोंबतोय. मी म्हटलं, द्या मी कापते, तर नको. अजून परत केली नाही. औषधाच्या पट्ट्या कापायला मला रोज स्वयंपाकघरातली सुरी शोधावी लागते.”

“मागा की परत.”

“मागितली. म्हणाले, दोरा मोठा आहे.”

थोरले बिशप खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. अंगावर काळा झगा, डोक्यावर छोटी गोल जांभळी टोपी. बोटे इतकी वाळली होती की अंगठी गळू नये म्हणून तिला आतून दोरा गुंडाळला होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या.

“ही माझी ओळखीची मंडळी,” सिस्टरनी ठरल्याप्रमाणे सांगितले. “तुम्हाला भेटायचं होतं त्यांना.”

“बसा, बसा. तुम्ही काय करता?” त्यांनी मेहुण्यांना विचारले.

“छत्र्या विकतो.”

“चांगलं करता. मी आयुष्यभर डोक्यावर काही ना काही घालून फिरलो. पण पावसात त्यातलं एकही कामाचं नाही.”

मेहुणे मनापासून हसले. ताईंनी विचारले, “हाताला काय लागलं?”

“काही नाही. म्हातारपणी बोटं ऐकत नाहीत.” त्यांनी हात झग्याच्या बाहीत ओढून घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, “ती कशिदा काढणारी बाई सोमवारी मुकुट न्यायला येणार होती ना? आली नाही वाटतं.”

सिस्टर खिडकीबाहेर बघू लागल्या.

“अजून नेला नाही तिनं,” ताई म्हणाल्या.

“बरं झालं. भेटली तर सांगा तिला, एवढी घाई नको म्हणावं. अजून एखादा दिवस.”

परतताना मेहुणे दोनदा नाक चाचपून झाले. मग म्हणाले, “माझा कोठीवाल्यावर संशय आहे. शालीचा एवढा बडेजाव सांगितला, म्हणजे त्यानंच शाल न वापरता मुकुट काढला असणार. आपल्याला फसवायला.”

“आणि अंगठी?”

“अंगठी... ती पुढच्या खेपेला.”

“मेहुणे, तुम्ही घरी जा आणि एका नातवाला खांद्यावर घ्या. उद्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून या. बिशपांसमोर बसायचंय.”

---

नवे बिशप रात्रीच्या गाडीने आले होते. सकाळी जेवणघरातल्या लांब टेबलाशी ते साध्या काळ्या शर्टात बसले होते. चिटणीस फादर त्यांच्या उजव्या हाताला, कोठीवाले भिंतीशी, सिस्टर दारापाशी. कशिदावाल्या बाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पिशवी मांडीवर घेऊन.

“मला एक कळत नाही,” नवे बिशप म्हणाले. “एका टोपीसाठी या बाईंना पोलिसांत द्यायचं? मी दुसरी घालीन.”

“प्रश्न टोपीचा नाही, महाराज,” चिटणीस फादर म्हणाले. “चोरीचा आहे.”

“चोरी झालेलीच नाही,” ताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. ताईंनी चहाचा कप बाजूला सरकवला.

“चोर कसा वागेल ते बघा. कपाटात अंगठी होती, सोन्याचा क्रूस होता. दोन्ही लपवायला सोपं, विकायला सोपं. त्याला कोणी हात लावला नाही. शिवाय मुकुट घेतल्यावर त्या माणसानं कपाटाला पुन्हा कुलूप घातलं आणि किल्ली खिळ्याला अडकवली. चोर एवढा थांबत नाही. ज्याला ती जागा आपल्या घराची वाटते, तोच असं करतो.”

“ही बाईही इथे वर्षानुवर्षं येते,” चिटणीस फादर म्हणाले.

“येतात. म्हणून पुढचं ऐका. मुकुट काढायला आधी दंड काढावा लागतो, आणि नंतर तो परत ठेवावा लागतो. आपण कपाट उघडलं तेव्हा पेटीचं झाकण उघडं का राहिलं होतं?”

“घाईत राहिलं,” कोठीवाले म्हणाले.

“नाही. ते दंडाच्या वळणावर टेकलं होतं. वळण आतल्या बाजूला होतं, पेटीकडे. त्यामुळे झाकण बसतच नव्हतं. तुम्ही दंड काढलात, तुमच्या रीतीनं वळण स्वतःकडे केलंत आणि तसाच ठेवलात. झाकण लगेच पडलं. मग ते वळण दाराकडे आलं आणि मेहुण्यांच्या नाकाला लागलं. मघाशी लागलं नव्हतं, असं ते बोललेही.”

“बोललो खरा,” मेहुणे नाक चोळत म्हणाले.

कोठीवाल्यांनी चष्मा काढला. “सोमवारी माझी नजर नुसती पेटीवर होती. दंड कसा आहे ते बघितलंच नाही मी.”

“आता विचार करा. कपाटाकडे तोंड करून उभं राहायचं, हातात दंड. वळण पेटीकडे म्हणजे स्वतःपासून लांब, पुढे. झाकण बसत नाही हे दिसतंय. तुम्ही, मी, या बाई, कोणीही असतं तर दंड जरा फिरवून झाकण लावलं असतं. एका हाताचं काम. पण या माणसानं दंड फिरवला नाही, झाकणच उघडं सोडलं. त्याच्या हाताला दंडाचं वळण स्वतःकडे करायची सवयच नव्हती. मेहुणे कुठलीही छत्री उचलोत, मूठ गिऱ्हाइकाकडे जाते. त्यांना ते कळतही नाही. या घरात दंडाचं वळण पुढे करून धरण्याची सवय एकाच माणसाच्या हाताला आहे. तीसएक वर्षांची.”

चिटणीस फादर उठून उभे राहिले. “तुम्ही काय बोलताय याचं भान आहे का?”

“शालीचं तुम्हीच म्हणालात, फादर. चर्चच्या माणसानं नेला असता तर शाल घेतली असती. पण ज्याचा मुकुट, त्याला शाल लागत नाही. हे कोठीवाल्यांनी सांगितलं आणि आपण सगळ्यांनी ऐकलं.”

“त्यांना मुकुट कशाला हवा?” नवे बिशप हळूच म्हणाले. “उतरवून ठेवताना तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल.”

“मुकुट नको होता. अस्तर हवं होतं.”

कशिदावाल्या बाईंनी मान वर केली.

“शनिवारी तुम्ही म्हणालात, हे फडकं फेकून देऊ. बिशपांनी चहा टाकला आणि सावलीत बसलेला माणूस ऊन लागतंय म्हणाला. त्याच संध्याकाळी सिस्टरांकडून कात्री मागितली. झग्याच्या एका दोऱ्यासाठी मागितलेली कात्री अजून परत आलेली नाही. बोटांना पट्ट्या आहेत. रविवारी सगळे चर्चमध्ये आणि सिस्टर अंगणात, तेव्हा त्यांना बोळातून चार पावलं चालायची होती. विचार एवढाच असणार, की अस्तर उसवून घ्यावं आणि सोमवारच्या आत मुकुट जागेवर ठेवावा. पण टाके बारीक, नजर कमी, हात कापतात. सोमवार निघून गेला. काल ते मला म्हणाले, बाई मुकुट न्यायला आली नाही वाटतं. त्यांच्या लेखी मुकुट गेल्याचं कोणाला कळलेलंच नाही. आणि या बाईंवर आळ आलाय, हे त्यांना कोण सांगणार? तुम्ही सगळ्यांची तोंडं बंद केलीत, फादर. घरात विचारायचा राहिला तो एकच माणूस, आणि तोच उत्तर देऊ शकत होता.”

चिटणीस फादर सावकाश खाली बसले. घड्याळाकडे बघायचे ते विसरले होते.

“त्यांची झडती घ्यायची गरज नाही,” ताई सिस्टरांना म्हणाल्या. “नुसतं जाऊन विचारा. आणि का विचारताय तेही सांगा.”

सिस्टर गेल्या. मेहुण्यांनी साखरेचे भांडे उगाच इकडचे तिकडे केले. मग बोळातून काठीचा आवाज आला.

थोरले बिशप दारात आले. सिस्टरांच्या हातात उशीचा अभ्रा होता, त्यात काहीतरी सपाट, टोकेरी. त्यांनी तो टेबलावर ठेवला. जरीचे एक टोक बाहेर चमकले.

“मला विचारलं असतंत तर लगेच दिला असता,” थोरले बिशप म्हणाले. मग त्यांची नजर टेबलाच्या टोकाकडे गेली. “पोरी, तुझ्यावर आळ? माझ्यामुळे?”

बाई उठून उभ्या राहिल्या.

“बसा आधी,” नवे बिशप आपली खुर्ची सोडून म्हणाले.

“बसतो. पण सांगून टाकतो. ते कापड माझ्या बापाच्या शर्टाचं आहे.” ते खुर्चीच्या हाताला धरून हळूहळू बसले. “बाप खाणीत काम करायचा. मी फादर झालो तेव्हापासून माझ्याशी बोलला नाही. म्हणायचा, हातानं काम न करता खाणारा पोरगा मला नको. मी बिशप होणार हे कळायच्या आधीच गेला. त्या वेळी पैसे नव्हते, मुकुटाचं अस्तर माझ्या आईनं शिवलं. त्याचा कामाचा शर्ट कापून. म्हणाली, तो तुझ्या सोहळ्याला आला नसताच. आता त्याला यावंच लागेल.”

“मग मला सांगायचंत ना,” कशिदावाल्या बाई म्हणाल्या. “मी काय दिलं नसतं?”

“चारचौघांत कसं सांगू? इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, कशात जीव अडकवू नका. आणि मी फडक्यासाठी रडत बसू?” ते थांबले. “लाज वाटली. तुझ्या वाट्याला हे येईल असं वाटलं नव्हतं.”

बाईंनी अभ्र्यातून मुकुट काढला, उलटा केला, उसवलेल्या कडेवरून बोट फिरवले. नाक ओढले.

“काय हो ही कात्री चालवली आहे! जर कापली असती म्हणजे? द्या इकडे.” त्यांनी पिशवीतून आपली कात्री आणि सुई काढली. “कुणी तरी खिडकी उघडा. उजेड हवा.”

खिडकी चिटणीस फादरांनी उघडली. मग ते तिथेच उभे राहिले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “बाई, माझी चूक झाली.”

“झालीच,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “उजेडातून बाजूला व्हा.”

अस्तर अखंड निघाले. त्यांनी ते झटकले, घडी घातली आणि थोरल्या बिशपांच्या मांडीवर ठेवले.

“हे झालं,” थोरले बिशप म्हणाले. “पण आळ गावभर गेला असेल. चार भिंतींत दिलेली माफी तिच्या काय कामाची? रविवारी मला चर्चमध्ये न्या.”

“तुम्हाला झेपणार नाही,” सिस्टर म्हणाल्या.

“बोळात फेऱ्या मारतो तेव्हाही तू हेच म्हणतेस.”

रविवारी चर्च तुडुंब भरले होते. मुकुट नव्या बिशपांच्या डोक्यावर नीट बसला, कानांवर उतरला नाही. सोहळ्याच्या शेवटी थोरले बिशप सिस्टरांच्या आधाराने उभे राहिले. मुकुट आपणच काढून नेला होता, कोणाला न विचारता, हे त्यांनी सगळ्यांना सांगितले. ज्या बाईंवर संशय घेतला गेला त्यांना नावानिशी पुढे बोलावले आणि भरल्या चर्चसमोर त्यांची माफी मागितली. का नेला, हेही सांगितले. पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसू लागल्या. मेहुण्यांनीही पुसले आणि धूप डोळ्यांत गेला म्हणाले.

“धूप पलीकडे आहे,” ताई म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात कशिदावाल्या बाईंकडे इतके काम आले की त्यांना हाताखाली दोन बायका ठेवाव्या लागल्या. चिटणीस फादरांच्या झग्याला मात्र दर वेळी थोडा उशीर व्हायचा. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

थोरले बिशप त्याच हिवाळ्यात, वर्षाच्या शेवटच्या शुक्रवारी, पहाटे झोपेत वारले.